दिवाळसणाची काठी

आमच्या एका वाचक-भगिनींचें पत्र गेल्या पंधरवड्यांत हातीं आलें. त्यांच्या कन्येचा विवाह यंदा वैशाखांत झाला. जांवई नोकरीनिमित्त कुलूच्या बाजूस असतात. पहिल्या दिवाळसणास काय द्यावें अशी पृच्छा करतां त्यांनीं अंगठी नको, घड्याळ नको, लहान ओढ्यांत ट्राउट मासा धरण्याची एक हलकी फ्लाय रॉड द्यावी, असें मोकळेपणानें कळविलें. बाई लिहितात, "आमच्या घरांत चार पिढ्यांत कोणीं मासा पाहिला तो देवळाच्या तळ्यांतच. दुकानदार म्हणतो, जितकी हलकी तितकी उंची. त्याचें मानावें काय?"

जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसास हा प्रश्न कां, असें कोणी म्हणेल. कारण एवढेंच कीं, थोरले चिरंजीव चंदीगडास असल्यामुळें सहा वर्षें आम्ही दर साल तीर्थन नदीच्या खोऱ्यांत जात आलों आहों, आणि त्याचा उल्लेख या सदरांत एकदां आमच्या हातून निसटून गेला होता. उत्तर थोडक्यांत हवें असेल तर दुकानदाराचें मानूं नये. कां, तें पुढें सांगतों.

गळ टाकणें हा विषय ब्राह्मणाच्या लेखणीस अगदींच अस्पृश्य आहे असें नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदाचा स्वतंत्र विचार आहे. इतकीं वर्षें संस्कृत शिकवूनही तें प्रकरण आम्हीं निवृत्त झाल्यावरच प्रथम उघडलें, हें कबूल केलें पाहिजे. कृत्रिम माशीच्या गळाची विद्या मात्र इंग्रजांबरोबर आली, आणि ट्राउटही त्यांनींच आणला. काश्मीरांत १९०० सालीं, कुलूंत १९०९ सालीं.

कोंकणांतील गरी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ठाऊक असेल कीं, तेथें शिशाचें वजन दोरीस ओढून नेतें. येथें उलट आहे. आंकड्यावर पिसें व दोरा गुंडाळून केलेली माशी फुंकरीनें उडेल इतकी हलकी. ती फेकतां येत नाहीं. फेकावयाची ती दोरी, आणि माशी तिच्या मागोमाग जाते. म्हणून दोरीस वजन असतें, व काठी ही तिला फेकणारी कमान होय. काठीवर जो अंक छापलेला असतो तो काठीच्या वजनाचा नव्हे, तिला साजेल त्या दोरीच्या वजनाचा. १९६० च्या सुमारास अमेरिकेंतील मासेमारीचें साहित्य करणाऱ्यांच्या संघानें हे अंक ठरविले. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचें वजन ३ नंबरास १०० ग्रेन, ४ नंबरास १२०, ५ नंबरास १४०. जुना तोळा १८० ग्रेनांचा. तेव्हां ४ नंबरची ३० फूट दोरी म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश तोळा. सोनाराकडे जाणाऱ्या गृहिणींस हें माप आमच्याहून लवकर कळेल.

आतां यांतील मेख पाहा. माप ३० फुटांचें आहे. लहान ओढ्यावर ३० फूट दोरी सोडतो कोण? मासा असतो १५-२० फुटांवर, एखाद्या धोंड्याच्या मागें. तेवढ्याशा दोरीच्या वजनानें ताठ काठी वांकत नाहीं, आणि जी वांकत नाहीं ती फेंकतही नाहीं. ती नुसती छडी राहते. (छडीनें काय साधतें व काय साधत नाहीं, हें आम्हांस पस्तीस वर्षांच्या अनुभवानें ठाऊक आहे.) आमची पहिली काठी अशीच होती, ९ फूट, ५ नंबर, कार्बनची, ताठ. एका मोठ्या शहरांतील दुकानदारानें मागील अंगणांत तिनें साठ-सत्तर फूट दोरी सरळ उडवून दाखविली, आणि आम्ही भाळलों. गुशैणी गांवाशीं तीर्थनला फ्लाचन नांवाचा ओहोळ मिळतो. त्याच्या कांठच्या झाडांत दोन दिवसांत आम्हीं अकरा माशा फांद्यांस अर्पण केल्या. मासा एकही नाहीं.

तेव्हां लहान, झाडींतल्या पाण्यास ७ ते साडेसात फूट लांबीची, ३ किंवा ४ नंबरची, आणि मुठीपर्यंत सावकाश वांकणारी काठी घ्यावी. विकत घेण्यापूर्वीं तिला दोरी लावून २० फूटच टाकून पाहावी. कोरडी काठी हालवून कांहीं कळत नाहीं. जांवईबापूंचें पाणी जर खुद्द बियास किंवा तीर्थनचें मोठें पात्र असेल, तर आमची ती ९ फुटी काठीच योग्य ठरेल, कारण तेथें दोरी प्रवाहांवरून उचलून धरावी लागते. त्यांस एवढें पत्रानें विचारावें.

राहिला हलकेपणा. आमच्या वडील वहिनी आमच्याबरोबर तीर्थनला येतात. नदी पाहतात, जप करतात, आणि संध्याकाळीं विचारतात, "भाऊजी, आज किती सोडले?" कारण आम्ही धरलेला मासा ठेवीत नाहीं. पहिल्याच वर्षीं त्यांनीं विचारलें होतें, "सोडायचाच, तर धरतां कशाला?" याचें समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप देतां आलेलें नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं ऑक्टोबरांत एका स्नेह्यांनीं आपली १ नंबरची काठी आम्हांस वापरावयास दिली. हातांत आहे कीं नाहीं असें वाटावें इतकी नाजूक! वीतभराचे तीन मासे तिनें मोठ्या मौजेनें आले. चवथा दीड वितीचा होता आणि मुख्य धारेंत शिरला. काठी मुठीपर्यंत वांकली, पण तिच्यांत त्याला वळविण्याचें बळच नव्हतें. ताणावें तर केसासारखा धागा तुटणार, सैल सोडावें तर तो खालीं जाणार. दहा-बारा मिनिटें हें चाललें. त्या वेळीं आम्हांस अत्यंत आनंद होत होता, हें लिहिणें प्राप्त आहे. कांठाशीं आला तेव्हां तो आडवा पडला. ओल्या हातांनीं त्याचें तोंड धारेकडे करून आम्हीं बराच वेळ धरून ठेवला. कल्ले हालत होते, मग मंद हालूं लागले, मग थांबले.

संध्याकाळीं वहिनींनीं नेहमींप्रमाणें विचारलें. आम्हीं म्हटलें, "तीन सोडले. एक मेला."

"कशानें?"

"काठी फार हलकी होती, वहिनी."

"काठी हलकी होती, कीं तुम्हांला हलकी हवी होती?"

मासा लवकर हातीं यावा आणि दम असतांनाच परत जावा, एवढें बळ काठींत हवें. म्हणून ३ नंबरच्या खालीं जाऊं नये. दुकानदार १ आणि २ चें कितीही कौतुक करो. आणि काठीच्या स्वतःच्या वजनाविषयीं म्हणाल, तर ३-४ नंबरच्या बहुतेक काठ्या सहा-सात तोळ्यांच्या असतात. अर्ध्या तोळ्याचा फरक छापील पत्रकावर दिसतो, मनगटास कळत नाहीं. त्या फरकासाठीं दुप्पट दाम मोजणें आम्हांस तरी पटत नाहीं.

काठी कशाची असावी? चीनमधील टोंकिन बांबूच्या सहा त्रिकोणी चिपा चिकटवून केलेली काठी दिसावयास फार सुंदर, पण महाग, आणि तिला जपणें म्हणजे सोंवळें पाळणें. कार्बनची १९७० नंतरच्या दशकांतली; बळकट, पण तिच्यांत ताठ प्रकार फार. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेली कांचतंतूची काठी आतां मागें पडली आहे. तरी ती मऊ वांकते व स्वस्तही मिळते, म्हणून लहान ओढ्यास आम्ही तिलाच पसंती देतों. चार तुकड्यांची घ्यावी व बरोबर नळकांडें मागून घ्यावें. आमची ती पहिली काठी माशानें मोडली नाहीं, मोटारीच्या दारानें मोडली. रिळावर फार खर्च नको. येथें त्याचें काम दोरी सांभाळण्यापुरतें. आंकडा मात्र उलट्या कांट्याचा नसावा, म्हणजे सोडतांना माशाचें तोंड फाटत नाहीं.

हिमाचलांत ट्राउट धरण्यास मत्स्यखात्याचा परवाना लागतो, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर पूर्ण बंदी असते. म्हणजे दिवाळसणाची काठी बहुधा मार्चपर्यंत कोरडीच राहील. तोंवर जांवईबापूंनीं दोरीच्या टोंकास लोकरीचा तुकडा बांधून अंगणांत सराव करावा. आंकडा बांधूं नये. आमच्या नातवाच्या कानाची हकीकत वहिनी अजून आल्यागेल्यास सांगतात.