गंज आणि धूळ

रणगाड्याची प्रतिकृती म्हटली, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुलांचे खेळणे उभे राहते. हा छंद जोपासणाऱ्यांना ते रुचत नाही आणि त्यांचा रोष योग्यच आहे. मात्र खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक कोणता, असे विचारले तर ‘बारकावे’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. पण बारकावे कशाचे?

चिलखती वाहनांच्या प्रतिकृतींसाठी १:३५ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. त्याचा उगम मोठा गमतीदार आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर या जर्मन रणगाड्याचा संच काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात अशा बेताने त्याचा आकार ठरला; मागाहून मोजला तेव्हा तो मूळच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाएवढा निघाला. सोयीतून आलेले हे प्रमाण पुढे कठोर शिस्त होऊन बसले. त्यात एक मिलिमीटरचा वाळूचा कण साडेतीन सेंटिमीटरच्या दगडाएवढा ठरतो. म्हणून चाकांवरची धूळ दाखवायची, तर रंगीत खडूची भुकटी वस्त्रगाळ करूनच घ्यावी लागते.

भारतीय सैन्याने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वापरलेला सेंच्युरियन हा ब्रिटिश बनावटीचा रणगाडा घ्या. त्याची धड-पेटी पोलादी पत्रे सांधून केलेली, तर वरचा फिरता बुरूज मुख्यतः ओतीव. साच्यात ओतलेल्या पोलादाचा पृष्ठभाग खरबरीत असतो. प्लॅस्टिकचा बुरूज मात्र पुष्कळदा गुळगुळीत निघतो. जाणता कारागीर त्यावर पातळ लांबी लावून, ती ओली असतानाच ताठ कुंचल्याने टिपून तो खरबरीतपणा आणतो. जाड भासणाऱ्या मुठी कापून तेथे तांब्याची बारीक तार बसवितो. सुट्या भागांची प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ताणली, की केसासारखी बारीक होते. तीच बिनतारी यंत्राची काठी. गोंदात भिजविलेल्या पातळ कागदाची ताडपत्री होते. अहिल्यानगर येथील (पूर्वीचे अहमदनगर) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन पाहावयास मिळतो. छायाचित्रांवर विसंबण्यापूर्वी तो एकदा डोळ्यांखालून घालणे केव्हाही श्रेयस्कर.

येथवरचे काम चिकाटीचे आहे. खरी कसोटी रंगकामानंतर सुरू होते. अलीकडे प्रतिकृतीला जितका गंज, जितके ओघळ आणि जितका उडालेला रंग, तितकी ती ‘अस्सल’ अशी समजूत पसरली आहे. दोन मिलिमीटरचा रंग खरवडला, तर मूळ वाहनावर सात सेंटिमीटरचे टवके उडाल्याचे आपण सांगत असतो, याचे भान सुटते. अशा प्रतिकृती प्रदर्शनात नजर वेधून घेतात खऱ्या. परंतु त्या रणगाड्याच्या नव्हेत, भंगाराच्या प्रतिकृती होत.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे पुणे हॉर्स या रेजिमेंटचे अधिकारी. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांच्या सेंच्युरियनला आग लागली. रणगाडा सोडून देण्याचा आदेश आला, तरी तोफ चालू आहे म्हणून ते मागे फिरले नाहीत. तेथेच, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांना वीरमरण आले. पुढे मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. ‘फामागुस्ता’ हे त्यांच्या रणगाड्याचे नाव. त्याची प्रतिकृती करू पाहणाऱ्याने त्या दिवसाचा विचार करावा. पश्चिम सीमेवरील युद्ध सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. रणगाड्यात चार माणसे असतात आणि त्यांचे प्राण त्या यंत्राच्या निगेवर अवलंबून असतात. ती त्याला गंजू देतील काय? धूर सोडणाऱ्या नळ्यांवरचा रंग जळून तेथे गंज चढतो, हे खरे. चालत्या साखळीपट्ट्यांचे जमिनीला घासणारे भाग मात्र लखलखतात. बाकी सर्वांगावर असतो तो चिखल, धूळ आणि तेलाचे डाग. बाजूंच्या पत्र्यांवर गंजाचे लोट ओतणारा कारागीर नकळत त्या चौघांच्या मेहनतीवर बोळा फिरवितो.

युद्धसाधनाची इतक्या मायेने प्रतिकृती करणे म्हणजे युद्धाचे कौतुकच नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. तो झटकून टाकण्याजोगा नाही. पेटीत चकाकणारा, कोठेही न गेलेला रणगाडा अशा कौतुकाच्या फार जवळ जातो. परंतु सेंच्युरियनच्या आत चहासाठी पाणी उकळण्याचे भांडे बसविलेले असे, हे ज्याने शोधून काढले, त्याला ती नुसती तोफ दिसत नाही. पस्तिसाव्या हिश्शात माणूस पाच सेंटिमीटरचा होतो. अनेक संचांत आतले भाग नसतात, म्हणून झाकणे चिकटवून टाकावी लागतात. त्याला इलाज नाही. तरीही रंग झिजवायचाच असेल, तर तो झाकणांच्या कडांवर झिजवावा, आणि पुढे उजवीकडे, जेथे चालक रोज बूट टेकवून आत उतरत असे.