सत्ताविसावी बाई



अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक शब्द ठरलेला असतो : ‘माथेफिरू’. माथेफिरूचा शाळेत गोळीबार, माथेफिरूचे चर्चमध्ये थैमान. अमेरिकेतल्या माध्यमांचे शब्द वेगळे, पण सूर हाच. मुलगा एकलकोंडा होता, शेजाऱ्यांना धक्का बसला, हेतू अजून स्पष्ट नाही. जणू ही हिंसा आभाळातून पडली! माझे म्हणणे असे की ती आभाळातून पडत नाही. पुष्कळदा ती घरातून निघते, आणि घरातली बाई तिची पहिली साक्षीदार असते, नाहीतर पहिला बळी. ही बाई बातमीतून गाळणाऱ्या माध्यमांना जाब विचारणे हे स्त्रीचळवळीचेच काम आहे.

‘अमेरिकेचे दुखणे अमेरिकेला, आपल्याला काय त्याचे?’ असे कुणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. आज कितीतरी मराठी घरांतली नातवंडे अमेरिकेतल्या शाळांत बाकाखाली लपण्याची कवायत शिकत आहेत. आणि तिथली बातमी ज्या साच्यातून निघते, तो साचा आपल्या बातमीदारांच्या हातात तयारच येतो.

१४ डिसेंबर २०१२ चे उदाहरण घेऊ. कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी सँडी हूक प्राथमिक शाळेत एका वीस वर्षांच्या तरुणाने २० लहान मुलांना आणि ६ मोठ्या माणसांना गोळ्या घालून मारले. ती सहाही माणसे बायका होत्या. आठवड्याने शोक पाळला तेव्हा चर्चच्या घंटेने २६ टोल दिले. पण शाळेकडे निघण्यापूर्वी या तरुणाने घरी झोपलेल्या आपल्या आईला गोळ्या घातल्या होत्या. हिशेबाने २७ बळी होतात. सत्ताविसाव्या बाईसाठी टोल नव्हता. बंदुका तिच्या मालकीच्या होत्या, मुलाला नेमबाजीला तीच नेत असे, हे खरे. त्याचा जाब जरूर विचारावा. पण चर्चा रंगली ती ही आई कशी होती यावर. मुलाने आईचा जीव घेतला, ही गोष्ट तिच्या दोषांखाली दडपली गेली. खून झालेल्या बाईची वर्तणूक तपासायची हा रिवाज आपल्या किती ओळखीचा आहे!

आता टेक्सासमध्ये या. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी सदरलँड स्प्रिंग्ज गावच्या चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी २६ जण मारले गेले. या आकड्यात एका गरोदर बाईच्या पोटातला जीवही धरला आहे. कुणाला मोजायचे आणि कुणाला नाही, हे ठरवणेसुद्धा राजकारणच असते, ते असे. मारेकरी पूर्वी हवाई दलात होता. बायकोला आणि तिच्या लहानग्या मुलाला मारहाण केल्याबद्दल २०१२ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षा केली होती. ज्या चर्चवर तो चालून गेला तिथे त्याची दुसरी सासू जात असे, आणि तिला तो धमक्या देत होता. टेक्सासमध्येच २४ मे २०२२ रोजी युवाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. शाळेत शिरण्याआधी त्या अठरा वर्षांच्या पोराने घरी आजीच्या तोंडावर गोळी झाडली होती. आजी वाचली.

तीन घटना निवडून मी सिद्धांत मांडते आहे, असे वाटायला नको. २०१४ ते २०१९ या काळात अमेरिकेत ज्या गोळीबारांत चार किंवा अधिक माणसे मेली, त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ५९ टक्के घटना सरळ कौटुंबिक हिंसाचाराच्या होत्या. मारेकऱ्याने जोडीदाराला किंवा घरच्यांना मारले, नाहीतर पूर्वी त्याच्यावर घरगुती हिंसेची नोंद होती, अशा घटना एकत्र धरल्या तर प्रमाण ६८ टक्क्यांवर जाते. मग ‘हेतू अस्पष्ट’ कशाला म्हणायचे? माणूस कोणाला मारत आला होता हे पाहिले तर बरेच काही स्पष्ट होते.

शब्दांवरून एवढा वाद कशाला, असे वाटेल. पण बाईचा जीव या शब्दांवरच टांगलेला आहे. ‘माथेफिरू’ म्हटले की उपाय उरत नाही. वेड कुणाला केव्हा लागेल ते कोण सांगणार? त्यात मानसिक आजाराशी निमूटपणे झगडणाऱ्या हजारो निरुपद्रवी माणसांवर शिक्का बसतो तो वेगळाच. ‘बायकोला मारणारा’ म्हटले की मात्र उपाय दिसू लागतात. घरच्या माणसाला मारहाण केल्याचा गुन्हा शाबीत झालेल्याला बंदूक बाळगता येणार नाही, असा कायदा अमेरिकेने १९९६ मध्येच केला. त्यात लग्न न झालेला आणि एका घरात न राहणारा प्रियकर सुटत असे. ती पळवाट २०२२ मध्ये थोडीफार बुजवली गेली. बाईच्या संरक्षणासाठी न्यायालयाने मनाई हुकूम दिला असेल त्या माणसाची बंदूक काढून घेता येते, हे जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी मान्य केले. सदरलँड स्प्रिंग्जच्या मारेकऱ्यालाही बंदूक मिळायला नको होती. हवाई दलाने त्याच्या शिक्षेची नोंद पुढे कळवलीच नाही, म्हणून ती मिळाली. बायकोला मारल्याची नोंद एवढी बिनमहत्त्वाची का ठरते? कारण घरातली मारहाण हा ‘खाजगी मामला’ आहे, असे कारकुनापासून संपादकापर्यंत सगळ्यांनाच वाटते.

मी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि आता समुपदेशन केंद्रात काम करते. बाई तक्रार घेऊन आली की आम्ही तिला ठरावीक प्रश्न विचारतो. त्याने कधी गळा दाबला का? जिवे मारण्याची धमकी दिली का? तू घर सोडायचे ठरवल्यापासून मारहाण वाढली का? घरात हत्यार आहे का? यातले बरेच प्रश्न जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने १९८५ मध्ये तयार केलेल्या धोक्याच्या यादीशी जुळतात. तिच्या आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधल्या ११ शहरांतल्या अभ्यासात असे दिसले की मारहाण करणाऱ्याच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका पाचपटीहून अधिक वाढतो. आमच्याकडे बंदुकीच्या जागी कोयता असतो, रॉकेलचा डबा असतो. पण प्रश्नांचा रोख तोच. म्हणजे धोका आधी ओळखता येतो. जे आधी ओळखता येते त्याला ‘अचानक’ म्हणणे ही खोटी बातमी आहे.

ही खोटी बातमी पुष्कळदा पोलिसांच्या तोंडून येते आणि माध्यमे ती जशीच्या तशी उतरवून घेतात. १६ मार्च २०२१ रोजी अटलांटा परिसरातल्या मसाज पार्लरांमध्ये ८ जणांना मारण्यात आले. त्यांत ६ आशियाई वंशाच्या बायका होत्या. दुसऱ्या दिवशी पोलीस प्रवक्त्याने सांगितले, मारेकऱ्याचा तो दिवस फार वाईट गेला होता. आणि मारेकऱ्याने स्वतः सांगितलेली लैंगिक व्यसनाची कहाणी मथळ्यांत झळकली. सात बायका मेल्या आणि वाईट दिवस कुणाचा? तर त्याचा! युवाल्डीतही सुरुवातीला पोलिसांच्या तत्परतेचे गोडवे गायले गेले. प्रत्यक्षात पोलीस ७७ मिनिटे थांबून राहिले होते. हे उघड केले ते पालकांनी लावून धरलेल्या प्रश्नांनी आणि त्यांना साथ देणाऱ्या पत्रकारांनी. शाळेच्या बोळातले चित्रण जुलै २०२२ मध्ये टेक्सासमधल्याच एका वृत्तपत्राने आणि एका दूरचित्रवाणी केंद्राने लोकांपुढे ठेवले. तेव्हा माध्यमांना हे काम जमत नाही, असे नाही. मनात आणले तर जमते.

आणि मनात आणणाऱ्यांनी किंमतही मोजली आहे. मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिस गावच्या कॅपिटल या वृत्तपत्राने २०११ मध्ये एका बाईची हकीगत छापली. शाळेतला एक जुना सहाध्यायी तिचा इंटरनेटवरून छळ करीत होता आणि न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला होता. तो उलट वृत्तपत्रावरच बदनामीचा दावा लावून बसला आणि हरला. २८ जून २०१८ रोजी बंदूक घेऊन तो वृत्तपत्राच्या कचेरीत शिरला आणि पाच जणांना ठार केले. उरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी अंक काढला. एका सामान्य बाईचा छळ हीसुद्धा बातमी आहे, असे मानणारे ते वृत्तपत्र होते. माध्यमांची जबाबदारी म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

उलट बाजूला प्रसिद्धीचा बाजार आहे. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आयला व्हिस्टा इथे ६ जणांना मारणाऱ्या तरुणाने बायकांबद्दलचा द्वेष पानेच्या पाने लिहून ठेवला होता, चित्रफीतही केली होती. माध्यमांनी ती पुन्हापुन्हा दाखवली आणि तो इंटरनेटवरच्या स्त्रीद्वेष्ट्या टोळक्यांचा आदर्श होऊन बसला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार असा एक मोठा गोळीबार झाला की पुढचे सरासरी १३ दिवस तशाच दुसऱ्या घटनेची शक्यता वाढलेली असते. कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे २०१२ मध्ये मुलगा गमावलेल्या आईबापांनी मारेकऱ्यांची नावे मिरवू नका, अशी मोहीम सुरू केली. म्हणूनच मी या लेखात एकाही मारेकऱ्याचे नाव घेतलेले नाही. पण नाव गाळून भागत नाही. नाव गाळा, त्याचा बायकांशी वागण्याचा इतिहास मात्र गाळू नका.

आणि पैसा? सँडी हूकमध्ये वापरलेल्या बंदुकीच्या कंपनीची जाहिरात ती विकत घेणाऱ्याला मर्दपणाचा दाखला परत मिळाल्याचे सांगत असे. ही जाहिरात छापून नियतकालिकांनी पैसे घेतलेच ना? तिथल्या नऊ कुटुंबांनी याच जाहिरातबाजीवर बोट ठेवून खटला चालवला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरची भरपाई पदरात पाडून घेतली. सँडी हूक घडलेच नाही, रडणारे आईबाप नट आहेत, असे वर्षानुवर्षे ओरडून धंदा करणाऱ्या अ‍ॅलेक्स जोन्सला त्याच वर्षी कनेक्टिकटच्या ज्यूरीने ९६ कोटी ५० लाख डॉलर भरायला सांगितले. जाब विचारता येतो. पण तो विचारायला मुले गमावलेल्या आयांना दहा-दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

इथे दोन गोष्टींत गल्लत करू नये. न्यूटाउनला घंटा वाजल्या त्याच दिवशी बंदूकवाल्यांच्या संघटनेचा म्होरक्या पत्रकारांसमोर आला आणि त्याने दोष चित्रपटांवर, व्हिडिओ खेळांवर, माध्यमांवर ढकलला. बंदूक सोडून सगळे गुन्हेगार! ही जबाबदारीची मागणी नव्हे, ही पळवाट. दुसरे असे की सरकारने माध्यमांचा गळा धरणे म्हणजेही जबाबदारी नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये चार्ली कर्क या उजव्या नेत्याचा यूटामध्ये गोळी घालून खून झाला. त्यावरच्या शेरेबाजीवरून सरकारी नियामकाने जाहीर दम भरताच जिमी किमेल या विनोदकाराचा कार्यक्रम काही दिवस बंद पडला. दरम्यान खुनाचे चित्रण मात्र घरोघरी, पोराबाळांच्या फोनवर फिरत होते. सत्तेला न रुचणाऱ्या बोलण्यावर टाच आणि रक्ताच्या चित्रणाला मोकळे रान, हा कुठला न्याय?

जी हिंसा चित्रणात येत नाही तिचे काय? २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसे मेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. तेव्हा मोठ्या गोळीबारांत मरणारे या संख्येत फार थोडे. बाकीच्यांतले पुष्कळ बंद दारांआड मरतात. स्वयंपाकघरात, गाडीत, घटस्फोटाच्या तारखेच्या आदल्या रात्री. तिथे कॅमेऱ्याची गाडी पोचत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. बळी मोजताना घरापासून मोजा. मारेकऱ्याने बायकोला, आईला, मैत्रिणीला पूर्वी काय केले ते पहिल्याच बातमीत विचारा. पोलिसांचे निवेदन हे निवेदन म्हणून छापा, सत्य म्हणून नव्हे. बंदूक त्याच्या हाती कशी आली आणि कोणत्या कायद्याने ती अडवता आली असती, हे सांगा. मदत मागायची सोय कुठे आहे ते बाईला कळेल असे लिहा.

हे सारे अमेरिकेतल्या संपादकांना सांगायचे आणि आपल्या गावच्या पानावरचे ‘कौटुंबिक वादातून’, ‘चारित्र्याच्या संशयावरून’ मुकाट वाचायचे, असे चालणार नाही. साचा एकच आहे. तेव्हा पुढच्या वेळी अमेरिकेतला ‘माथेफिरू’ तुमच्या वर्तमानपत्रात दिसला की गटातल्या चौघीजणी बसा, बातमी मोठ्याने वाचा, आणि संपादकांना पत्र लिहा : त्याच्या घरातल्या बाईचे काय झाले, ते तुम्ही का छापले नाही? उत्तर आले नाही तर शिष्टमंडळ घेऊन कचेरीत जा. मोजणीत बाई धरली जाईपर्यंत विचारत राहा.