10 हजारांत '4के' प्रोजेक्टर? जाहिरातीतले आकडे आणि भिंतीवरचं चित्र

जीएसटी परिषदेच्या 3 सप्टेंबर 2025 च्या बैठकीत 32 इंचांपेक्षा मोठे टीव्ही, एसी आणि डिशवॉशर यांच्यावरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. मथळे टीव्ही आणि एसीलाच मिळाले. पण त्याच यादीत प्रोजेक्टरही होते. नवे दर 22 सप्टेंबर 2025 पासून, म्हणजे ऐन सणासुदीच्या सेलच्या तोंडावर लागू झाले.

कर 10 टक्क्यांनी कमी झाला म्हणजे किंमतही 10 टक्क्यांनी उतरली, असं मात्र नाही. कर सोडून 10,000 रुपयांची वस्तू आधी 12,800 ला पडायची, आता 11,800 ला पडते. म्हणजे प्रत्यक्ष स्वस्ताई 7.8 टक्क्यांची. 'एमआरपीवर 70 टक्के सूट' असा फलक लागलेल्या वस्तूच्या बाबतीत हा फरक ग्राहकाला जाणवेलच असंही नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे. ऑनलाइन बाजारात 5 ते 15 हजारांत '4के सपोर्ट', 'फुल एचडी' आणि 'हजारो लुमेन' असं लिहिलेले प्रोजेक्टर ढिगाने मिळतात. नामांकित कंपन्यांचे होम थिएटर प्रोजेक्टर याच्या कितीतरी पट महाग. मग हा फरक फक्त ब्रँडच्या नावाचा आहे का?

'सपोर्ट' या शब्दाची कमाल

'4के सपोर्ट' याचा अर्थ प्रोजेक्टर 4के दर्जाची फाइल किंवा सिग्नल स्वीकारतो, एवढाच. भिंतीवर किती पिक्सेल पडणार, हे आतल्या पॅनेलवर ठरतं. त्याला 'नेटिव्ह रिझोल्यूशन' म्हणतात आणि ते बहुतेक वेळा मोठ्या अक्षरांतल्या नावात नाही, तर खालच्या तांत्रिक तक्त्यात सापडतं.

1280 x 720 च्या पॅनेलवर सुमारे 9.2 लाख पिक्सेल असतात. 1920 x 1080 म्हणजे फुल एचडीत 20.7 लाख आणि 4के, म्हणजे 3840 x 2160 मध्ये जवळपास 83 लाख. 720 च्या पॅनेलला 4के चित्रपट दिला, तर तो नऊ पिक्सेलची माहिती एका पिक्सेलमध्ये कोंबतो. 'एचडीआर सपोर्ट'चंही तसंच. सिग्नल आत येतो, पण तो दाखवायला लागणारा उजेड आणि काळेपणा यंत्रात असेलच असं नाही.

नामांकित कंपन्याही इथे अगदी धुतल्या तांदळासारख्या नाहीत. बाजारातल्या अनेक '4के' डीएलपी प्रोजेक्टरमध्ये चिप 1920 x 1080 चीच असते. ती चित्र अतिशय वेगाने चार जागी किंचित सरकवून 83 लाख ठिपके उभे करते. तरी यात ठिपके खरोखर पडद्यावर पडतात आणि तपशीलही वाढतो, त्यामुळे याला 'सपोर्ट'च्या पंगतीत बसवणं अन्यायाचं ठरेल.

लुमेनचा घोळ

रिझोल्यूशनपेक्षा जास्त फसगत उजेडाच्या आकड्यात होते. प्रोजेक्टरच्या उजेडाचं एकक लुमेन. तो मोजण्याची रूढ पद्धत 'अ‍ॅन्सी' नावाने ओळखली जाते. त्यात पांढऱ्या चित्राचे नऊ भाग करून प्रत्येक ठिकाणचा उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. 'आयएसओ लुमेन'ही याच धर्तीवरचं मोजमाप आहे. चीनमध्ये 'सीव्हीआयए लुमेन' वापरात आहेत.

पण डब्यावर नुसतं 'लुमेन', 'एलईडी लुमेन' किंवा 'लक्स' लिहिलं असेल, तर तो आकडा कुठे मोजला हे कळायला मार्ग नाही. लेन्समधून बाहेर पडण्याआधी दिव्याचा जो उजेड असतो, तोही सांगितला जाऊ शकतो. पडद्यापर्यंत त्यातला थोडाच पोहोचतो. अशा फुगवलेल्या दाव्यांवरून एप्सन कंपनीने अमेरिकेत काही विक्रेत्यांना कोर्टात खेचलं होतं. अर्थात एप्सन स्वतःच प्रोजेक्टर विकते, तेव्हा तिचा यात धंद्याचा हिशेब आहेच.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का, ते एका गणितातून दिसतं. 100 इंची पडदा म्हणजे साधारण 2.21 मीटर रुंद आणि 1.25 मीटर उंच, क्षेत्रफळ 2.76 चौरस मीटर. खरे 200 लुमेन त्यावर पसरले तर साध्या पांढऱ्या पडद्याची चमक येते सुमारे 23 निट. सिनेमागृहातल्या डिजिटल पडद्यासाठी 48 निट हे प्रमाण मानलं जातं. तेवढी चमक 100 इंचांवर हवी असेल तर जवळपास 415 लुमेन लागतात. तेही पूर्ण अंधारात.

आता खोलीत ट्यूबलाइट लावा. समजा, पडद्यावर तिचा 50 लक्स उजेड पडतो. 200 लुमेनच्या प्रोजेक्टरचा स्वतःचा उजेड 72 लक्स. म्हणजे चित्रातला पांढरा भाग 122 आणि काळा भाग 50. सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद भागांत अडीच पटीचाही फरक उरत नाही. रात्रीच्या प्रसंगात नायक कुठे आहे हे आवाजावरून ओळखावं लागेल.

याचं कारण साधं आहे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त उजेड टाकतो. प्रोजेक्टर बंद असताना भिंत जितकी पांढरट दिसते, चित्रातला काळा त्याहून काळा होणार नाही. आयपीएलचा दुपारी 3.30 चा सामना सोसायटीच्या गच्चीवर दाखवायचा बेत म्हणूनच सोडून दिलेला बरा. संध्याकाळी 7.30 चा जमू शकतो.

चित्र लहान केलं तर मात्र हाच प्रोजेक्टर बराच सुधारतो. 100 ऐवजी 50 इंचांवर चित्र घेतलं की क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येतं आणि चमक चौपट होऊन 92 निटपर्यंत जाते. जाहिरातीत मात्र '200 इंचांपर्यंत' असंच छापतात. 200 इंचांवर याच यंत्राची चमक सहा निटही उरत नाही.

मग टीव्हीच घ्यावा का?

बऱ्याच घरांसाठी उत्तर 'हो' असंच आहे. साधा एलईडी टीव्हीसुद्धा 250 निटच्या आसपास चमक देतो आणि हॉलमध्ये दिवसा पडदे न ओढता बघता येतो. रोजच्या मालिका, बातम्या, मुलांचे कार्टून यासाठी 10-12 हजारांचा प्रोजेक्टर टीव्हीची जागा घेऊ शकत नाही. आवाजासाठी वेगळा स्पीकर लागतो, पंख्याची घरघर असते आणि स्वस्त यंत्रांत आतला भाग बंदिस्त नसेल तर धुळीचे डाग चित्रात दिसू लागतात.

प्रोजेक्टरची बाजू भक्कम होते ती आकारामुळे. 100 इंची चित्र 43 इंची टीव्हीच्या सुमारे 5.4 पट मोठं असतं. अंधार करता येईल अशी खोली आहे, आठवड्यातून एक-दोन सिनेमे बघायचे आहेत, तर नेटिव्ह फुल एचडी आणि खरे 400-500 अ‍ॅन्सी लुमेन असलेला प्रोजेक्टर पैसे वसूल करतो. अशा खरेदीत 4के च्या मागे धावण्यापेक्षा तेच पैसे उजेड, काळेपणा आणि चांगल्या लेन्सवर घालवलेले बरे. तीन मीटरवरून बघताना पिक्सेल मोजत कोणी बसत नाही, पण धुरकट काळा लगेच खटकतो.

आणखी एक छुपी गोष्ट ओटीटीची. अनेक स्वस्त अँड्रॉइड प्रोजेक्टरना नेटफ्लिक्ससारख्या सेवांची मान्यता नसते. तिथे अ‍ॅप चालत नाही किंवा चाललं तरी एचडीत दिसत नाही. वेगळी स्टिक जोडली की हा प्रश्न सुटतो, पण तिचे पैसे हिशेबात धरावे लागतात. प्रोजेक्टर तिरका ठेवून 'कीस्टोन'ने चित्र सरळ केलं तर पॅनेलवरचे काही पिक्सेल वाया जातात. म्हणून शक्यतो तो पडद्याच्या समोर सरळच ठेवावा.

दावा खोटा निघाला तर?

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार वस्तूच्या दर्जाबद्दल खोटी माहिती देणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसं घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

'सपोर्ट' हा शब्द विक्रेत्याला निसटायला वाट ठेवतो, हे खरं. पण पानावर 'नेटिव्ह 1080' लिहून 720 चा पॅनेल पाठवला, तर ती पळवाट उरत नाही. हे तपासण्यासाठी लॅपटॉप जोडायचा, रिझोल्यूशन 1920 x 1080 ठेवायचं आणि बारीक अक्षरांचं एक पान उघडायचं. कीस्टोन बंद आणि फोकस नीट असूनही मधोमधची अक्षरं चिकटलेली दिसली तर पॅनेल कमी दर्जाचा असण्याची शक्यता मोठी. फक्त कोपऱ्यांत फुटत असतील तर दोष लेन्सचा. ही परीक्षा परत करण्याची मुदत संपण्याआधी, खोका फेकून देण्याआधी करायला हवी. ऑर्डर देतानाच वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण वाद सुरू झाल्यावर त्या पानावरचा मजकूर तोच राहील याची खात्री नसते.