स्वर्ग आणि अफू

ख्रिस्ती माणसाच्या स्वर्गाच्या आशेला ‘अफू’ म्हणून मोडीत काढणारे आपले मित्र जर्मन शेतकऱ्यांचे १५२५ सालचे बंड विसरतात. ख्रिस्ताने आपल्या रक्ताने धनगरासही मुक्त केले, मग आम्ही भूदास का, असा रोकडा सवाल त्यांनी मेमिंगेनच्या बारा कलमांत केला. सरपणासाठी रानही मागितले. धर्मोपदेशक टॉमस म्युंत्सर तर देवाचे राज्य याच भूमीवर आणावयास निघाला. (बायबलातील नवे यरुशलेमही आकाशातून खालीच उतरते!) ही मुक्ती आत्म्याची, देहाची नव्हे, असे बजावले ते लूथरने, पुढे बंडखोरांच्या कत्तलीस सरदारांना चिथावलेही त्यानेच. अफू असलीच तर ती येथे. फ्रांकेनहाउझेन येथे हजारो शेतकरी मारले गेले, म्युंत्सरचा शिरच्छेद झाला. एंगल्सने १८५० साली या बंडावर लिहिताना म्युंत्सरला मानाचे स्थान दिले. ते लेखन आपल्या पोथीनिष्ठांनी कधी उघडले आहे काय?