पाहुण्यांसाठी फरशी की घरच्यांसाठी?

खुटबावला घर बांधतोय म्हटल्यावर जो तो सांगतो, "व्हिट्रिफाइड टाइल्सच घाला. शहाबादी काय, गोठ्यात घालतात!" का हो? शहाबाद आमच्याच रेल्वेमार्गावर, सोलापूरच्या पुढे कलबुर्गी जिल्ह्यात. तिथला हा चुनखडीचा दगड खिशाला परवडतो, झिजला तर पुन्हा घासून घेता येतो. टाइलचा टवका उडाला की टाइलच बदला! ओल्या चकचकीत फरशीवर सासूबाई घसरल्या, तर ती चमक काय कामाची? शहाबादीला ॲसिड चालत नाही, खरंय. मग ॲसिड घरात आणायचंच कशाला? किडामुंगीही वाचेल. सांधे तेवढे सिमेंटने गच्च भरून घ्या, म्हणजे मुंग्या घर करणार नाहीत. आधी जीव होऊ द्यायचे आणि मग औषध मारायचं, ही कसली जयणा?