यातलं खरं किती?

डॅन ब्राऊनची 'एंजल्स अँड डीमन्स' (२०००) हातात घेतली की गॅसवरचं दूधही विसरायला होतं, यावर वाचकांचं एकमत! वाद सुरू होतो पुस्तक मिटल्यावर. कुणी म्हणतं, चर्चची नाहक बदनामी केलीय. कुणी म्हणतं, विज्ञानाच्या नावाखाली थापा मारल्यात.

थापा आहेतच. कादंबरीत 'सर्न' प्रयोगशाळेतलं पाव ग्रॅम प्रतिद्रव्य व्हॅटिकन उडवायला निघतं. प्रत्यक्षात सर्नने आजवर बनवलेलं सगळं प्रतिद्रव्य वापरलं, तरी एक दिवा जेमतेम काही मिनिटं जळेल! पण सुरुवातीलाच 'वस्तुस्थिती' असं पान छापलं, की वाचक फसतोच.

धर्म आणि विज्ञान यांचं भांडण मात्र निव्वळ कल्पना नाही. १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाली. ती चूक होती, हे पोपनी १९९२ मध्ये मान्य केलं. आणि तरीही महास्फोट सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरूच होते!

म्हणूनच मुलांच्या हातात असं पुस्तक दिसलं तर हिसकावून घेऊ नका. वाचू द्या, स्वतःही वाचा. मग जेवताना एवढंच विचारा, "यातलं खरं किती?" श्रद्धेला या प्रश्नाची भीती नको, आणि विज्ञान तर त्यावरच उभं आहे.