एका घरांत दोन घड्याळें

संगणकावर संगीत रचण्याचा छंद हल्लीं पुष्कळ घरांतील तरुणांस जडला आहे. त्यांतील कांहींजण संगणक असतांही 'सीक्वेन्सर' नांवाची बटणांची पेटी आणूं म्हणतात. आणि एकाच कामास दोन यंत्रें कशास, असा प्रश्न घरांतील वडील मंडळींस पडतो. या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सीक्वेन्सर म्हणजे स्वरांचा क्रम ध्यानांत ठेवून तो ठराविक लयींत पुनःपुन्हां वाजविणारें यंत्र होय. त्यांत बहुधा सोळा पायऱ्या असतात. कोणत्या पायरीवर कोणता स्वर यावा व कोठें विराम असावा, हें बटणांनीं ठरवावयाचें. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांची दहा रागांची जी ध्वनिमुद्रिका १९८२ सालीं निघाली, तींत रोलंड कंपनीचें टीबी-३०३ हें याच जातीचें यंत्र होतें. एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेप्रमाणें घसरत जाण्याची सोय त्यांत आहे.

पुढें १९८३ सालीं 'मिडी' ही सर्व कंपन्यांस समान अशी पद्धति निघाली. जपानचे इकुतारो काकेहाशी व अमेरिकेचे डेव्ह स्मिथ हे तिचे अग्रणी. मिडीच्या तारेंतून नाद जात नाहीं, आज्ञा जातात: अमुक स्वर, अमुक जोरानें, आतां सुरू, आतां बंद. शिवाय लयीसाठीं प्रत्येक ठोक्यास चोवीस सूक्ष्म खुणा जातात. मिनिटास १२० ठोक्यांची लय असेल, तर दोन खुणांमधील अंतर सेकंदाच्या सुमारें २१ सहस्रांशांइतकें असतें.

खरी अडचण येथेंच आहे. संगणकाचें घड्याळ निराळें, पेटीचें निराळें. दोहोंवर १२० हाच आंकडा लावून तीं स्वतंत्र सोडलीं, तरी कांहीं वेळानें त्यांचा मेळ तुटतोच. म्हणून एकानें लय द्यावी व दुसऱ्यानें ती घ्यावी, हा पहिला नियम. एकत्र कुटुंबांत कर्ता एकच असावा लागतो, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

परंतु संगणकास एकाच वेळीं अनेक कामें असतात. त्यामुळें त्याच्या खुणा पेटीकडे कधीं नेहमींच्या थोड्याशा उशिरानें, तर कधीं अनियमितपणें पोंचतात. हे दोन दोष निराळे ओळखले पाहिजेत. रोज दहा मिनिटें उशिरां येणाऱ्या पाहुण्यासाठीं पानें दहा मिनिटें मागाहून मांडतां येतात; ज्याच्या येण्याला नेमच नाहीं, त्याचें काय करावें? ठराविक उशीर संगणकांत आंकडा घालून भरून काढितां येतो. अनियमितपणा तसा निघत नाहीं. त्यासाठीं संगणकाच्या ध्वनिमार्गानें खुणा घेऊन नेमकी लय देणारीं लहान यंत्रें मिळतात. मात्र नवशिक्यानें तीं घेण्याची घाई करूं नये. पेटी तिच्याच लयींत वाजवावी, तिचा नाद संगणकांत मुद्रित करून घ्यावा, आणि कांटछांट मग तेथें करावी. इतक्यानें बरेंच काम भागतें.

मग पेटी हवीच कशास? संगणकांत पायऱ्यांस अंत नाहीं, आणि म्हणूनच रचना पुष्कळदां अपुरी राहते. सोळा पायऱ्यांचें बंधन वृत्ताच्या बंधनासारखें आहे. अनुष्टुभाच्या चरणांत आठच अक्षरें मावतात, म्हणून विद्यार्थी शब्द तोलूं लागतो, हें आम्हीं वर्गांत अनेक वर्षें पाहिलें आहे. कांहीं पेट्यांत निरनिराळ्या ओळींची लांबी वेगवेगळी ठेवितां येते. एका ओळीस सोळा व दुसरीस सात पायऱ्या दिल्या, तर दोन्ही ११२ पायऱ्यांनंतर पुन्हां एकत्र समेवर येतात. हें स्वतःच्या बोटांनीं करून पाहिलें म्हणजे लयीचें गणित मनांत ठसतें.

तेव्हां वडिलांनीं या खर्चास एकदम नकारही देऊं नये व होकारही. मुलानें किंवा मुलीनें आधीं हातावर ताल धरून त्रितालाच्या सोळा मात्रा न चुकतां मोजाव्या, आणि घरच्या संगणकावर एक लहानशी रचना आरंभापासून शेवटपर्यंत पुरी करून सर्वांस ऐकवावी. एवढें ज्याच्या हातून झालें, त्यास पेटी खुशाल आणून द्यावी. त्याच्या घरीं ती धूळ खात पडणार नाहीं.